शांता आपटे : स्वतःच्या आवाजात बोललेली नटी

वटपौर्णिमेला गावोगावच्या बाया वडाला सूत गुंडाळतात. सावित्रीची कथा माहीत नाही असे घर आपल्याकडे सापडायचे नाही. यमाच्या मागे मागे चालत गेली, त्याच्याशी बोलत राहिली आणि बोलूनच नवऱ्याचे प्राण परत घेऊन आली, ती ही सावित्री.

या सावित्रीवर १९४१ साली एक बोलपट निघाला. तो होता तमिळ भाषेत. दक्षिणेत, मद्रासकडच्या लोकांची ही भाषा. आणि त्यात सावित्री कोण झाली होती? आपल्या सोलापूर जिल्ह्यातली एक मराठी बाई. त्यांचे नाव शांता आपटे.

आता तमिळ म्हणजे आपल्यासारख्याला एक शब्दही न उमगणारी भाषा. मग मराठी बाई त्या भाषेत बोलली कशी? दुसऱ्या कुणी पडद्यामागून आवाज दिला काय? तसे झाले नाही. शांताबाई ती भाषा शिकल्या आणि स्वतःच्या तोंडाने बोलल्या. ती वेळ त्यांच्यावर कशी आली आणि त्याआधी काय काय घडले, ही हकिकत आपण या पाठात वाचू.

दुधनीची मुलगी

सोलापूरहून आगगाडीने गुलबर्ग्याकडे निघाले की अक्कलकोट रोड स्टेशन मागे पडते आणि दुधनी स्टेशन येते. गुलबर्ग्याला आता कलबुर्गी म्हणतात. दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातले महाराष्ट्राच्या टोकाचे गाव. त्यापुढे कर्नाटक लागते. अशा गावात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा सहज कानावर पडतात.

आमच्या फुलंब्रीचेही थोडे तसेच आहे. आमचे गाव संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते आणि कचेरीची भाषा उर्दू होती. आजही बाजारात माणूस एका दुकानात मराठी बोलतो, दुसऱ्या दुकानात हिंदी बोलतो. त्याचे त्याला काही वाटत नाही. म्हणजे दोन भाषा बोलणे हे काही फक्त विद्वानांचे काम नाही. ज्याला गरज पडते तो शिकतो.

दुधनीच्या आपटे घराण्यात शांताबाईंचा जन्म झाला. वडील स्टेशनमास्तर होते. त्यांना गाण्याची आवड होती. तीच आवड मुलीत उतरली. पुढे पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिने गाण्याचे रीतसर शिक्षण घेतले. पंढरपूर म्हणजे टाळ, मृदंग आणि अभंग यांचे गाव. तिथे गळा तयार झाला. हा गळाच पुढे त्यांच्या पोटापाण्याचे साधन झाला.

पडदा बोलू लागला

तुमच्या आजा-पणजाच्या वेळचा सिनेमा मुका होता. चित्रे हलायची, पण बोलायची नाहीत. मध्येच पडद्यावर अक्षरे उमटत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. अशा चित्राला मूकपट म्हणत.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हे चित्र लागले. ते हिंदुस्थानातले पहिले बोलके चित्र. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती.

पडदा बोलू लागला आणि एक नवीच अडचण उभी राहिली. मूकपटात नटीचा चेहरा चांगला असला म्हणजे भागत असे. ती कोणती भाषा बोलते हे कुणी विचारत नसे. आता तिला बोलावे लागणार होते. मूकपटांत सुलोचना या नावाने गाजलेली एक मोठी नटी होती. तिचे खरे नाव रुबी मायर्स. तिला हिंदुस्थानी धड बोलता येत नव्हते. तिने काम थांबवले, भाषा शिकून घेतली आणि मगच ती पुन्हा पडद्यावर आली. पुष्कळांना हे जमले नाही. त्यांचे काम गेले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आज पडद्यावर नटी ओठ हलवते आणि गाणे दुसरीच बाई गाते. याला पार्श्वगायन म्हणतात. सुरुवातीच्या बोलपटांत ही सोय नव्हती. जो दिसायचा त्यालाच गावे लागे. वाजवणारी मंडळी झाडाआड किंवा पडद्याआड बसत आणि बोलणे, गाणे, वाजवणे सारे एकदम टिपले जाई. म्हणून ज्याला गाता येते त्याला मागणी आली.

अशा वेळी, १९३२ सालीच, पुण्याला ‘श्यामसुंदर’ नावाचा बोलपट तयार झाला. दिग्दर्शक होते भालजी पेंढारकर. त्यात कृष्ण झाले शाहू मोडक आणि राधा झाली शांता आपटे. दोघेही अगदी कोवळ्या वयाचे. हे चित्र फार चालले. मुंबईत ते पंचवीस आठवडे एका थिएटरातून हलले नाही.

एकच प्रसंग, दोनदा

१९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आली. पुण्यातले तिचे पहिले चित्र ‘अमृतमंथन’. ते १९३४ साली लागले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. देवीपुढे बळी देण्याची चाल बंद करू पाहणारा राजा आणि त्याला विरोध करणारा राजगुरू, अशी त्याची कथा आहे. त्यात शांताबाईंचे काम आणि गाणी लोकांना इतकी आवडली की त्यांचे नाव सगळीकडे झाले.

हे चित्र दोन भाषांत काढले होते, मराठीत आणि हिंदीत. ते कसे काढत, हे समजून घेण्यासारखे आहे.

समजा, एका घराचा देखावा उभा केला आहे. दिवे लागले आहेत. नट-नटी कपडे घालून तयार आहेत. आधी सगळेजण मराठीत बोलतात आणि तो प्रसंग टिपून घेतात. मग कुणी जागा सोडायची नाही. तोच प्रसंग पुन्हा करायचा, पण आता हिंदीत बोलायचे. रडायचे असेल तर दोनदा रडायचे. गायचे असेल तर दोनदा गायचे. कपडा तोच, दिवा तोच, भाषा मात्र निराळी. असे केल्याने कंपनीला एका देखाव्याच्या खर्चात दोन चित्रे मिळत. मराठी चित्र आपल्याकडे चाले, हिंदी चित्र साऱ्या देशात चाले.

पण सगळ्यांनाच दोन्ही भाषा सारख्या येत नसत. ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचे काम मराठीत केशवराव दाते यांनी केले आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी केले. एका भूमिकेसाठी दोन माणसे घ्यावी लागली. शांताबाई मात्र दोन्ही चित्रांत आहेत. कंपनीच्या दृष्टीने अशी नटी किती मोलाची असेल, ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मराठी माणसाला हिंदी येतेच, त्यात काय मोठे? आता तुम्हाला अक्षरे येतात, म्हणून सांगतो. ‘चार’ आणि ‘चाक’ हे दोन शब्द मोठ्याने वाचा. दोन्हींत च आहे, पण दोन्ही च एकसारखे निघत नाहीत. हिंदीत फक्त ‘चार’मधला च आहे. आपला ळ तर पुस्तकी हिंदीत नाहीच. आपण ‘ते पुस्तक’ म्हणतो, हिंदीत पुस्तक बाईमाणसासारखे, स्त्रीलिंगी. आणि ‘शिक्षा’ हा शब्द घ्या. आपल्याकडे शिक्षा म्हणजे गुन्ह्याचा दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आम्ही शाळेत असताना हे मुलांना सांगत असू, तेव्हा वर्गात मोठा हशा पिके. मुले म्हणत, गुरुजी, दोन्ही एकच आहे!

बाजारात चुकीचे हिंदी चालून जाते. दुकानदार समजून घेतो. पडद्यावर चुकलेला शब्द मात्र हजारो माणसे ऐकतात आणि हसतात. म्हणून नटीला प्रत्येक शब्द घासून-पुसून घ्यावा लागतो.

त्या काळात असे कष्ट करणाऱ्या शांताबाई एकट्या नव्हत्या. दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी आणि हिंदी अशा दोन्ही चित्रांत काम करीत होत्या. शांता हुबळीकर तर हुबळीकडच्या, घरची भाषा कानडी. त्यांनी १९३९ साली प्रभातच्या ‘माणूस’मध्ये मराठीत आणि त्याच्या हिंदी ‘आदमी’मध्ये हिंदीत काम करून नाव मिळवले.

‘कुंकू’ : नाही म्हणणारी मुलगी

१९३७ साली प्रभातने ‘कुंकू’ हे चित्र काढले. हिंदीत त्याचे नाव ‘दुनिया न माने’. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ते घेतले होते. दिग्दर्शक शांतारामच.

गोष्ट अशी. नीरा नावाची पोरकी मुलगी आहे. नातेवाईक तिचे लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात. वकिलाला स्वतःची मोठी झालेली मुले आहेत. नीरा रडत बसत नाही. ती पळूनही जात नाही. ती त्याच घरात राहते आणि सरळ सांगते, हे लग्न मला मान्य नाही. घरातली म्हातारी रागावते, सावत्र मुलगा वाकडे वागतो, लोक बोल लावतात. नीरा हटत नाही. शेवटी म्हाताऱ्याला आपण केलेला अन्याय उमगतो.

नीराचे काम शांताबाईंनी केले. म्हातारा वकील झाले केशवराव दाते. त्या वकिलाची एक शिकलेली, समाजाचे काम करणारी विधवा मुलगी गोष्टीत आहे. ती नीराच्या बाजूने उभी राहते. ते काम शकुंतला परांजपे यांनी केले. या बाईंनी प्रत्यक्ष आयुष्यातही कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे मोठे काम केले.

या चित्रात मागून वाजणारे संगीत मुळीच नाही. घड्याळाचा ठोका, दाराचा आवाज, भांड्यांचा आवाज, असे घरातले खरे आवाजच आहेत. त्यामुळे नीराचे घर आपलेच घर वाटते. याच चित्रात शांताबाईंनी एक इंग्रजी कविताही गायली. लाँगफेलो नावाच्या अमेरिकन कवीची ती कविता आहे. म्हणजे मराठी आणि हिंदीच्या जोडीला त्यांच्या गळ्यातून इंग्रजीही लोकांनी ऐकली.

म्हाताऱ्या नवऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याची चाल आपल्याकडे जुनी. तिला जरठ-कुमारी विवाह म्हणत. जरठ म्हणजे म्हातारा. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘संगीत शारदा’ हे नाटक याच चालीविरुद्ध आणले होते. १९२९ साली सरकारने बालविवाह रोखण्याचा कायदा केला. हरविलास सारडा यांनी तो मांडला म्हणून त्याला सारडा कायदा म्हणतात. त्यात मुलीचे वय निदान १४ आणि मुलाचे १८ असावे असे होते. पण कायदा कागदावर राहिला आणि लग्ने होत राहिली.

आज काय आहे? बालविवाह रोखण्याचा नवा कायदा २००६ साली झाला. त्याप्रमाणे लग्नाच्या वेळी मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा पुरा हवा. तरीसुद्धा आपल्या मराठवाड्यात शाळेतली पोर काढून तिला बोहल्यावर चढवणारे आईबाप आजही आहेत. म्हणून नीराची गोष्ट शिळी झालेली नाही. तिचे नुसते ‘नाही’ ऐकायला त्या काळी लोक थिएटरात गर्दी करीत. ते ‘नाही’ मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत, तितक्याच जोराने म्हणणारी नटी एकच होती.

नोकरीचा कागद

आता आपण या हकिकतीच्या मुख्य जागी आलो.

त्या काळी सिनेमाच्या कंपन्यांत नट-नटी महिन्याच्या पगारावर असत. गिरणीत जसा कामगार, तशीच कंपनीत नटी. नोकरीला लागताना एक कागद करावा लागे. त्याला करार म्हणतात. करार म्हणजे दोघांनी एकमेकांना लिहून दिलेला शब्द. मी इतके दिवस काम करीन, तू मला इतका पगार देशील. करार चालू आहे तोवर दुसऱ्या कंपनीत काम करायचे नाही, अशीही अट असे.

प्रभात ही नामांकित कंपनी. तिने काढलेली चित्रे आजही लोक आदराने पाहतात. शांताबाई तिच्या सर्वांत गाजलेल्या नटींपैकी एक. १९३८ साली त्यांचे ‘गोपालकृष्ण’ हे चित्रही चांगले चालले. पण चांगली कंपनी आणि गुणी नोकर यांच्यातही वाद होतो. पगार आणि करार यांवरून शांताबाई आणि कंपनी यांचे बिनसले.

बोलणी झाली, पण मिटले नाही. मग जुलै १९३९ मध्ये शांताबाई पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी येऊन बसल्या आणि त्यांनी उपोषण सुरू केले. उपोषण हे हत्यार देशाला ठाऊक होते. त्याच वर्षी मार्चमध्ये महात्मा गांधींनी राजकोटला उपोषण केले होते. पण सिनेमातली एक प्रसिद्ध बाई आपल्या मालकाच्या दारात अन्न सोडून बसते, हे लोकांनी पूर्वी पाहिले नव्हते. वर्तमानपत्रांत ही बातमी झळकली.

कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा आम्ही करीत नाही. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की नाव, पैसा, टाळ्या हे सगळे असले तरी नटी ही शेवटी मजुरी करून खाणारी बाई होती. तिच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदावर तिचे पोट अवलंबून होते. ज्या बाईने पडद्यावर ‘नाही’ म्हटले होते, तिला खऱ्या आयुष्यातही ते म्हणावे लागले. पडद्यावरचे ‘नाही’ दुसऱ्याने लिहून दिलेले होते. हे तिचे स्वतःचे होते, आणि ते महाग पडणार होते.

या भांडणानंतर शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या. महिन्याचा ठरलेला पगार गेला.

हे वाचताना तुम्हाला आपल्याकडची ऊसतोड आठवेल. दसऱ्याच्या सुमारास मुकादम उचल देतो. नवरा-बायको दोघांचे मिळून एक कोयता धरतात. कागदावर अंगठा उठतो. किती टन तोडले म्हणजे उचल फिटेल, आजारी पडलो तर खाडा किती धरणार, हे कागदात काय लिहिले आहे ते कितीजणांना ठाऊक असते? म्हणून कुठल्याही करारात सहा गोष्टी पाहाव्यात.

१. पैसे किती आणि कधी मिळणार?
२. काम किती दिवस करायचे?
३. पैसे कशाबद्दल कापणार?
४. मध्येच काम सोडावे लागले तर काय?
५. तंटा झाला तर तो कुणापुढे न्यायचा?
६. कागदाची एक प्रत आपल्याला मिळाली का?

बाईने लिहिलेले पुस्तक

उपोषण झाले त्याच्या पुढच्या वर्षी, १९४० साली, शांताबाईंनी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘जाऊ मी सिनेमात?’ नावातच प्रश्न आहे. सिनेमात जावे असे वाटणाऱ्या पोरी आणि पोरे त्या काळी पुष्कळ होती. घरून पळून पुण्या-मुंबईला येत. त्यांच्यासाठी हे पुस्तक होते.

सिनेमाचा झगमगाट सर्वांना दिसतो. त्यामागचा थकवा दिसत नाही. तासन्‌तास दिव्यांच्या उन्हात उभे राहणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करणे, शरीर दमले तरी चेहरा हसरा ठेवणे, या गोष्टी काम करणारालाच कळतात. त्या कष्टांविषयी आणि या धंद्यात माणसाची कशी पिळवणूक होते त्याविषयी त्यांनी लिहिले. आतापर्यंत नटीविषयी दुसरे लोक लिहीत. इथे नटीने स्वतः लिहिले.

पाहा, गोष्ट कशी पुढे सरकते आहे. आधी शांताबाई गायल्या. मग दुसऱ्याने लिहून दिलेले बोलल्या. मग स्वतःच्या हक्कासाठी बोलल्या. आणि मग हातात लेखणी घेतली. बोललेले वाऱ्यावर जाते. लिहिलेले राहते. आज ते उपोषण पाहिलेले कुणी उरले नाही, पण ते पुस्तक आहे आणि अभ्यासक ते आजही वाचतात.

तमिळ सावित्री

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर.

प्रभात सुटली. पगार थांबला. पण दोन गोष्टी कुणी काढून घेऊ शकत नव्हते. एक गळा आणि दुसरी शिकण्याची सवय. हिंदी चित्रांमुळे शांताबाईंचे नाव महाराष्ट्राबाहेरही पोचले होते. दिग्दर्शक वाय. व्ही. राव तमिळमध्ये ‘सावित्री’ काढत होते. त्यांनी शांताबाईंना सावित्रीचे काम दिले आणि सत्यवानाचे काम स्वतः केले.

शांताबाई तमिळ शिकायला बसल्या. त्यासाठी त्यांनी जवळजवळ वर्ष घालवले. हिंदी निदान आपल्याच लिपीत लिहितात. तमिळचे अक्षर निराळे, वळण निराळे. आपण क, ख, ग, घ ही चार अक्षरे गिरवतो. तमिळमध्ये या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. कुठे क म्हणायचे आणि कुठे ग, ते शब्द पाहून ओळखावे लागते. आपला ळ तिथे आहे, पण ळसारखाच आणखी एक उच्चार आहे. तो आपल्या जिभेला लवकर साधत नाही. ‘तमिळ’ या नावाच्या शेवटी खरे तर तोच उच्चार आहे.

परकी भाषा नुसती पाठ करता येते. पोपट पाठ करतो तशी. पण कोणत्या शब्दावर रडायचे आणि कोणत्या शब्दावर थांबायचे, हे पोपटाला कळत नाही. त्यासाठी अर्थ समजावा लागतो. सावित्री तर यमाशी वाद घालते. वाद घालणारीला आपण काय बोलतो ते कळले नाही तर कसे चालेल?

या चित्रात नारदाचे काम कुणी केले, तेही ऐका. ते केले एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी. दक्षिणेतल्या या थोर गायिकेला पुढे १९९८ साली भारतरत्न मिळाले. बाईने नारद व्हायचे, हे त्यांनी एका कारणासाठी पत्करले. त्यांचे पती सदाशिवम आणि लेखक कल्की कृष्णमूर्ती यांना ‘कल्की’ नावाचे तमिळ साप्ताहिक काढायचे होते. या कामाच्या पैशातून त्या साप्ताहिकाला भांडवल मिळाले. म्हणजे एकाच चित्रात एक बाई स्वतःच्या पायावर पुन्हा उभी राहत होती आणि दुसऱ्या बाईच्या कमाईतून लोकांना वाचायला साप्ताहिक मिळत होते.

लाहोर आणि पुढे

तमिळनंतर शांताबाई गेल्या थेट दुसऱ्या टोकाला, पंजाबात लाहोरला. लाहोर तेव्हा हिंदुस्थानातच होते, आता पाकिस्तानात आहे. तिथे १९४२ साली ‘जमीनदार’ हे हिंदुस्थानी बोलीतले चित्र झाले. त्यात त्या नायिका होत्या. सोलापूर, पंढरपूर, पुणे, दक्षिणेतले तमिळ चित्र आणि मग लाहोर. त्या काळात एकट्या बाईने असे देशभर काम करणे सोपे नव्हते.

पुढेही त्यांनी मराठीत आणि हिंदीत पुष्कळ चित्रे केली. ‘सुभद्रा’ आणि ‘वाल्मीकी’ १९४६ सालचे. ‘स्वयंसिद्धा’ १९४९ सालचे. पण दिवस पालटत होते. पार्श्वगायन आता रूढ झाले होते. लता मंगेशकरांसारख्या गायिका पडद्यामागून गाऊ लागल्या. नटीला गाता आलेच पाहिजे ही गरज उरली नाही. जिच्याजवळ गळा आणि अभिनय दोन्ही होते, तिच्या पिढीचा काळ संपत आला.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत शांताबाईंचे निधन झाले. पुण्यात ज्या प्रभातच्या फाटकापाशी त्या बसल्या होत्या, त्या जागेत १९६० साली सरकारने सिनेमा शिकवणारी संस्था सुरू केली. देशभरातून मुली आणि मुले तिथे शिकायला येतात. आपापली भाषा घेऊन येतात आणि दुसऱ्याची भाषा शिकून जातात.

आपण काय घ्यावे

वाचक बंधूंनो आणि भगिनींनो, आपण कुणी नट होणार नाही. पण भाषा आणि कागद यांच्याशी आपलाही रोज संबंध येतो. बँकेत हिंदी ऐकू येते. औषधाच्या वेष्टणावर इंग्रजी असते. तलाठ्याच्या कचेरीतली मराठीसुद्धा आपल्या बोलीहून वेगळी असते. तिथे लाजून गप्प बसलो की दुसरा आपल्या वतीने बोलतो, आणि तो त्याच्या सोयीचे बोलतो.

शांताबाईंना तमिळ जन्मतः येत नव्हती. ती त्यांनी मोठेपणी शिकून घेतली. तुम्हीही मोठेपणीच अक्षरे शिकलात. तेव्हा मोठेपणी शिकता येत नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला तुमचे आणि शांताबाईंचे, दोघांचे उदाहरण सांगा.

वर्गात बोलण्यासाठी

१. ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचे काम दोघांनी का केले?
२. करार म्हणजे काय? त्यात कोणत्या सहा गोष्टी पाहाव्यात?
३. तुम्हाला मराठीशिवाय कोणती भाषा थोडीफार येते? ती कुठे शिकलात?
४. घरात सही किंवा अंगठा केलेला एखादा कागद असेल, तर उद्या वर्गात आणा. आपण तो मिळून वाचू.